लॉगिन एक, माणसं अकरा
वाचकांचे प्रश्न : कारखाना, दुकान आणि संगणक

मागच्या अंकात डॅशबोर्डवर कोणते आकडे ठेवावेत यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत आकड्यांबद्दल थोडं आणि माणसांबद्दलच फार निघालं. कोणाला काय दिसावं, कोणी काय भरावं आणि भरलेलं कोणी बदलावं, याच्याच भोवती बहुतेक पत्रं फिरतात. तेव्हा यावेळची सगळी जागा त्यालाच. एक विनंती मात्र आधीच करते. पत्रात युजरनेम आणि पासवर्ड लिहून ‘ताई, तुम्हीच आत जाऊन बघा’ असं कळवू नका. दोघांनी कळवलंय. मी आत गेलेले नाही. त्या दोघांनी आजच्या आज पासवर्ड बदलावा.

ताई, शिरोली एमआयडीसीत आम्हा दोघा भावांची ग्रे आयर्नची (ओतीव लोखंडाची) फाउंड्री आहे. रोज सकाळी ऑफिसातल्या टीव्हीवर हीट (भट्टीतला एकेक ओत), टनेज, रिजेक्शन (नापास माल) सगळं दिसतं. सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण अॅडमिनचं एकच लॉगिन आम्ही अकरा जण वापरतो. गेल्या महिन्यात रविवारी रात्री मी मोबाइलवर रिजेक्शन ९.४ टक्के बघितलं, सोमवारच्या मीटिंगला तेच ६.१ होतं. विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. आता कोणाला काय परवानगी द्यावी?

दादा, ९.४ चं ६.१ झालं म्हणजे कोणीतरी लबाडी केलीच, असं धरून चालू नका. रात्रपाळीचे नग होल्डवर ठेवले असतील. सकाळी क्यूसीनं, म्हणजे तपासणीवाल्यानं, ग्राइंडर मारून बघितलं, ब्लो होल (हवेनं पडलेलं भोक) वरवरचा निघाला, निम्मा माल पास झाला आणि टक्का उतरला, असं फाउंड्रीत कायम होतं. तुमचं दुखणं वेगळं आहे. असा खरा बदल आणि सोयीसाठी केलेला बदल तुमच्या स्क्रीनवर हुबेहूब सारखा दिसतो, कारण दोन्हींपुढं नाव एकच: अॅडमिन.

म्हणून पहिलं काम, अकरा माणसांना अकरा लॉगिनं. सॉफ्टवेअरवाला म्हणेल, युजरमागं जादा पैसे पडतील. पडू देत, पण घासाघीस करा. नुसतं बघणाऱ्या युजरला कमी दर आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी असतो, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

मग येतात रोल. ते हुद्द्यावरून पाडू नका. ‘मॅनेजर’, ‘सीनियर मॅनेजर’ असे रोल केले की प्रत्येक बढतीला माणूस नवी परवानगी मागायला येतो आणि जुनी कोणी परत करत नाही. दहा वर्षांनी सगळ्यात जुन्या कारकुनाकडं सगळ्या दारांच्या किल्ल्या साठलेल्या असतात. रोल कामावरून पाडायचा. हा विचार काही माझा नाही. परवानगी माणसाला न देता त्याच्या भूमिकेला द्यावी, हे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ सालीच नीट मांडून ठेवलंय. तुमच्या सॉफ्टवेअरमधला ‘रोल’चा रकाना तिथूनच चालत आलाय.

तुमच्याकडं मला मोजकीच कामं दिसतात. मेल्टिंगचा सुपरवायझर हीट नंबर, चार्ज आणि टॅपिंगचं तापमान भरतो. मोल्डिंगवाला साचे मोजतो. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला नग साफ करतात तिथं, नग मोजले जातात. क्यूसी नापास नगाला कारण लावतो, ब्लो होल, सँड ड्रॉप, कोल्ड शट, जे असेल ते. प्रत्येकाला फक्त स्वतःच्या विभागात, स्वतःच्या पाळीचं भरता यावं आणि पाळी संपल्यावर दोन तासांनी नोंदीला कुलूप पडावं. त्यानंतर चूक सापडली तर दुरुस्तीची विनंती करायची, कारण लिहायचं आणि दुसऱ्या माणसानं ती मंजूर करायची. जुना आकडा पुसला जात नाही, त्याच्याखाली नवा येतो.

आता फाउंड्रीतली खरी मेख. तुमचं रिजेक्शन त्याच दिवशी कुठं कळतं? ग्राहकाच्या मशिनशॉपवर नग चढतो, बोअर मारताना आत श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) दिसतं आणि पंधरा दिवसांनी माल परत येतो. तो तोटा आजच्या तारखेला टाकला तर आजच्या पाळीवर अन्याय, आणि जुन्या तारखेत जाऊन आकडा बदलला तर जुना रिपोर्ट खोटा पडतो. म्हणून ग्राहकाकडच्या परताव्याची वेगळी नोंद ठेवायला लावा. तारीख आजची, हीट नंबर जुना. ही नोंद फक्त क्यूसीच्या रोलला. डॅशबोर्डवर मग दोन टक्के दिसू देत, एक त्या दिवशी कळलेला आणि एक आजअखेरचा. मीटिंगमधली निम्मी भांडणं इथंच मिटतात.

पाळीच्या बोनसचं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण असणारच. नसला तर उत्तम. असला तर ज्याचा बोनस ज्या आकड्यावर ठरतो, त्याला तो आकडा बदलायची किंवा बदल मंजूर करायची परवानगी नको, मग तो प्लँट हेड का असेना.

रिजेक्शनचा टक्का काढायच्या सूत्राचंही तसंच. समजा एका पाळीत दोन किलोचे १००० नग ओतले आणि ८० गेले. चाळीस किलोचे १०० ओतले आणि २ गेले. नगावर मोजलं तर ११०० पैकी ८२, म्हणजे ७.४५ टक्के. वजनावर मोजलं तर ६००० किलोपैकी २४० किलो, म्हणजे ४ टक्के. लोखंड तेच, पाळी तीच, रिजेक्शन जवळपास निम्मं. आता सांगा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नग’चं ‘वजन’ करायचा पर्याय कोणाला उघडतो? आज अकराही जणांना. एकेक नोंद बदलण्यापेक्षा हे फार सोपं आहे आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सूत्र, टार्गेट आणि नापासाच्या कारणांची यादी या तिन्हींची परवानगी एकाच माणसाकडं द्या, आणि तो माणूस प्रॉडक्शनचा नको.

राहता राहिले तुम्ही. तुम्हाला सगळं दिसावं, भरता काही येऊ नये. रागावू नका. मालकाचा फोन ड्रायव्हरपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हातात असतो. तुमचं रोजचं लॉगिन नुसतं बघण्याचं ठेवा. अॅडमिनचं वेगळं करा, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत. भाऊ आणि तुम्ही दोघं असताना उघडा. आणि युजरची यादी काढाल तेव्हा त्यात ‘सपोर्ट’ नावाचा एक अकराशिवायचा युजर सापडेल, सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांचा. तो काम असेल तेवढाच वेळ चालू, एरवी बंद.

शेवटी, कोणाच्या नावानं काय बदललं याची नोंदवही सॉफ्टवेअरमध्ये आहे का आणि ती पुसता येते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंदवही कायद्यानं लागतेच आणि ती बंद करता येता कामा नये. विक्रेते मोठ्या ऐटीत सांगतात, ‘आमचं सॉफ्टवेअर ऑडिट ट्रेलवालं आहे’. तो नियम हिशेबाच्या पुस्तकांचा. हीट आणि साच्यांच्या नोंदींना तो आपोआप लागत नाही, तेव्हा तिथं काय आहे ते वेगळं विचारा.

सांगलीत आमची हळदीची अडत आहे. दिवाणजी वडिलांच्या वेळेपासून आहेत. मुलगा पुण्याहून शिकून आला, म्हणतो टॅलीमध्ये दिवाणजींना मागच्या तारखेची एंट्री बंद करा. मला ते अपमानाचं वाटतं. काय करू?

काका, मुलाचं बरोबर आहे, पण त्यानं ते ज्या तऱ्हेनं सांगितलं असेल त्याची मला कल्पना आहे. संगणकावरची परवानगी म्हणजे विश्वासाचं सर्टिफिकेट, असं आपल्याकडं उगीच होऊन बसलंय. दिवाणजींवर तुमचा विश्वास आहे तो आहेच. पण उद्या हिशेबपट्टीत फरक निघाला आणि शेतकरी दारात येऊन उभा राहिला, तर ‘मागच्या तारखेला हात लावायची सोयच माझ्याकडं नाही’ हे वाक्य दिवाणजींना जेवढं वाचवेल तेवढं तुमचं प्रेमसुद्धा वाचवणार नाही. त्यांना हे असंच सांगा. मुलाला सांगायला लावू नका, तुम्ही सांगा, आणि तो समोर नसताना.

टॅलीप्राइममध्ये कंपनीच्या मेनूत युजर रोल आहेत. दिवाणजींसाठी नवा रोल करा, पाया ‘डेटा एंट्री’चा घ्या. त्यात मागच्या किती दिवसांपर्यंत व्हाउचर टाकता यावं, तो आकडा भरता येतो, शिवाय एक ठरलेली तारीखही देता येते, जिच्या मागं कोणी जाऊ नये. सौद्यानंतर हिशेबपट्टी व्हायला तुमच्याकडं चार-पाच दिवस लागत असतील तर आठवडा द्या. शून्य दिवस ठेवले तर दिवाणजी रोज तुमचा पासवर्ड मागतील, तुम्ही कंटाळून सांगून टाकाल आणि मग होतं तेच बरं होतं म्हणाल. आणखी एक. मुलाला लगेच अॅडमिन करू नका. आधी हंगामभर त्याला दिवाणजींच्या शेजारी बसवा.

मी नाशिकच्या एका औषध वितरण कंपनीत एमआयएस (व्यवस्थापनासाठीचे रिपोर्ट) बघतो. विक्री प्रतिनिधींसाठी पॉवर बीआयमध्ये रिपोर्ट केला, रो लेव्हल सिक्युरिटी (ज्याला त्याच्याच ओळी दिसाव्यात अशी गाळणी) लावली. तरी जळगावच्या प्रतिनिधीला लातूरचे आकडे दिसतात. डॅक्स, म्हणजे गाळणीचं सूत्र, दहा वेळा तपासलं, चूक सापडत नाही.

डॅक्समध्ये सापडणारही नाही. त्या प्रतिनिधींना वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवायच्या सामायिक जागेत) कोणता रोल दिलाय ते बघा. मी पैज लावते, काँट्रिब्युटर किंवा मेंबर असेल. कोणीतरी म्हणालं असेल ‘रिपोर्ट उघडत नाही’, आणि तुम्ही घाईत एक पायरी वरचा रोल देऊन टाकलात. वर्कस्पेसमध्ये चार रोल असतात: अॅडमिन, मेंबर, काँट्रिब्युटर, व्ह्यूअर. ओळींची गाळणी फक्त व्ह्यूअरला लागते. वरच्या तिघांना रिपोर्ट बदलायचा अधिकार असतो, म्हणून त्यांना सगळा डेटा दिसतो. ही गळती नव्हे, तो पदार्थ तसाच बनवलाय. प्रतिनिधींना वर्कस्पेसमधून काढा आणि अॅप प्रसिद्ध करून तेवढंच द्या. मग सर्व्हिसमध्ये ‘टेस्ट अॅज रोल’ वापरून जळगावच्या माणसाच्या नजरेनं एकदा बघा. स्वतःच्या लॉगिननं तपासलं तर तुम्हाला सगळं दिसणारच, तुम्ही अॅडमिन आहात.

तिथं असताना आणखी दोन गोष्टी बघून घ्या. मार्जिनचं पान तुम्ही ‘हाइड’ केलेलं असेल, तर ते लपलेलं नाही. पानांच्या पट्टीतून गेलंय एवढंच. ते पान ज्यांच्यासाठी आहे त्यांचा रिपोर्ट वेगळा करा, नाहीतर मार्जिनचा डेटाच या मॉडेलमध्ये आणू नका. आणि कोणी सोय म्हणून ‘पब्लिश टू वेब’ केलं नाही ना, याची खात्री करा. त्या लिंकला लॉगिनच लागत नाही. ती ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते, मग तुमचा स्टॉकिस्ट असो की समोरची कंपनी.

आता न विचारलेलं. जळगावला लातूर दिसलं तर बिघडलं काय, हा प्रश्न तुमच्या सेल्स हेडला एकदा विचाराच. टार्गेटच्या किती टक्के झालं हे प्रतिनिधींनी एकमेकांचं बघावं, या मताची मी आहे. ते नाहीतरी संध्याकाळी एकमेकांना फोन करून विचारतातच, आणि फोनवर फुगवून सांगतात. डॅशबोर्डवर निदान खरं दिसेल. झाकायचं असेल तर कोणत्या स्टॉकिस्टला किती जादा स्कीम दिली ते झाका. तो आकडा बाहेर गेला की दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे स्टॉकिस्ट तीच स्कीम मागतात. झाकण्यामागचं कारण स्पष्ट नसेल तर अर्धा दिवस डॅक्समध्ये घालवायचा आणि उरलेला अर्धा रुसवे काढण्यात.

आम्ही कराडजवळच्या सहा जणी बचत गटातून मसाले आणि चटण्या करतो. हिशेब गूगल शीटमध्ये. विक्री सगळ्यांनी भरायची असते म्हणून शीट सगळ्यांकडं आहे, पण मिरची-धण्याचे खरेदी दर दुकानदारांना कळू नयेत म्हणून ते पान लपवलंय. तरी एका दुकानदाराला दर कळले! फाइल भाच्यानं करून दिली आहे.

मैत्रिणींनो, त्या दुकानदारालाही शीटची लिंक दिली होती, हो ना? त्याची ऑर्डर त्यानं बघावी म्हणून. लपवलेलं पान हे नुसतं आवराआवरीसाठी असतं. ज्याला फाइल बदलायची मुभा आहे तो ते एका टिचकीत उघडतो, आणि ज्याला नुसती बघायची मुभा आहे तो फाइलची स्वतःसाठी प्रत काढून त्यात उघडतो. पानाला ‘प्रोटेक्ट’ केलं तरी त्यानं बदलणं थांबतं, वाचणं थांबत नाही.

म्हणून खरेदी दरांची फाइलच वेगळी करा. ती फक्त जी खरेदी करते आणि जी हिशेब ठेवते, त्या दोघींकडं. विक्रीची फाइल सहाजणींकडं. दुकानदारासाठी तिसरी, त्यात त्याच्यापुरतंच. भाचा म्हणेल, ‘मामी, इम्पोर्टरेंजनं एकातून दुसऱ्यात आणतो’. आणू दे, पण एक ध्यानात ठेवा. एकदा का दोन फाइलींमध्ये ती परवानगी दिली, की नव्या फाइलीत जिला जिला लिहिता येतं, ती जुन्या फाइलीतलं कुठलंही पान सूत्र लिहून ओढू शकते, तुम्ही जोडलेला तुकडाच असं नाही. म्हणजे दर असलेल्या फाइलीतून दुकानदाराच्या फाइलीत काही ओढायचंच नाही. ओढायचं असेल तर त्याला तिथं फक्त बघण्याची परवानगी.

शेअरच्या चौकटीत ‘लिंक असलेलं कोणीही’ असं दिसत असेल तर ते आज बंद करा, एकेकीचा जीमेल घालून परवानगी द्या. आणि मुख्य म्हणजे फाइल भाच्याच्या खात्यात आहे. तो गुणी आहे, मान्य. पण त्याचं खातं बंद पडलं तर तुमचा सगळा हिशेब त्याच्याबरोबर जाईल. गटाच्या नावाचं एक जीमेल काढा आणि भाच्याला मालकी तिकडं द्यायला सांगा. तो पाठवेल ती विनंती गटाच्या खात्यातून स्वीकारावी लागते, नाहीतर मालकी बदलत नाही.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत सीईओ आहे. नवीन डॅशबोर्डवर ठेवी, कर्ज, थकबाकी सगळं शाखावार दिसतं. चेअरमनसाहेब म्हणतात मलाही पासिंगचा अधिकार द्या, आणि दोन संचालकांना थकबाकीदारांची नावानिशी यादी मोबाइलवर हवी आहे. नाही म्हणणं अवघड आहे.

अवघड आहेच, तुमची वेतनवाढ त्यांच्या सहीनं होते. म्हणून ‘नाही’ तुम्ही म्हणू नका, संचालक मंडळाच्या ठरावाला म्हणू द्या. कोणत्या रोलला काय दिसेल याचा एक पानी तक्ता करा आणि माणसांची नावं न घालता मंडळापुढं ठेवा. नावं नसली की कोणाला लागत नाही. तक्ता मंजूर झाला की पुढच्या वेळी तुम्ही नुसतं तक्त्याकडं बोट दाखवायचं.

पासिंगचं सांगते. एकानं नोंद भरायची, दुसऱ्यानं तपासून पास करायची, ही रीत बँकिंगमध्ये जुनी आहे. ती मोडली की काय होतं ते आपल्याच मुंबईत बघून झालंय. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतून हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून बाहेर जात राहिले आणि बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन्ही एकमेकांना जोडलेल्या नव्हत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेनं आकडा जाहीर केला तो ११,४०० कोटींच्या घरातला. पुढं रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ही जोडणी मुदत घालून करायला लावली. त्या सगळ्या वर्षांत मुख्यालयातले रिपोर्ट स्वच्छच होते, रिपोर्टात होतं तेवढं तरी. तेव्हा चेअरमनसाहेबांना सांगा, पासिंग हे रोजच्या टेबलाचं काम. चेअरमननं स्वतः पास केलेलं कर्ज थकलं, तर त्याच्यावर बैठकीत प्रश्न कोण विचारणार? हे त्यांना बहुधा पटेल. पासिंगला बसायचं तर रोज सकाळी साडेदहाला यावं लागतं, हेही सहज बोलून जा.

यादीचं माझं मत असं. संचालकांना थकबाकी कळलीच पाहिजे, ती कळून घेणं त्यांचं कामच आहे. पण नावानिशी यादी मासिक सभेत, इतिवृत्तात नोंद होऊन. मोबाइलवर शाखेची बेरीज, मुदतीनुसार फोड आणि मागच्या महिन्याशी तुलना पुरे. मोबाइलवरच्या यादीचा स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जायला पाच मिनिटं लागतात, आणि निवडणूक जवळ असली तर तेवढीही नाहीत. सभासदाचं कर्ज ही त्याची खासगी बाब आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, त्याचाही उल्लेख ठरावात करून ठेवा.

मॅडम, मी वाळूजच्या एका व्हेंडर कंपनीत डिस्पॅचला आहे. माझं लॉगिन पाळीवरचे तिघेही वापरतात, कारण युजर वाढवायला मालक तयार नाहीत. गेल्या महिन्यात चुकीच्या नगसंख्येचं चलन गेलं. मी त्या दिवशी रजेवर होतो, तरी नाव माझं दिसतं म्हणून मेमो मला. ओटीडीचा (माल वेळेवर पोचवण्याचा) स्कोअर घसरला तोही माझ्या नावावर. तक्रार केली तर नोकरी जाईल अशी भीती वाटते.

भाऊ, या अंकातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं आहे. लॉगिन एकत्र वापरतात तेव्हा मालकाला वाटतं पैसे वाचले. ते वाचतात ते तुमच्यासारख्याच्या जिवावर. घोळ झाला की सगळ्यात खालचा माणूस सापडतो, आणि आकडे भरणारा बहुतेक वेळा तोच असतो.

तक्रार करू नका, मेमोचं उत्तर द्या. त्यात भांडण नको, चार ओळी पुरे. त्या तारखेला मी रजेवर होतो, रजेचा अर्ज सोबत. माझं लॉगिन पाळीवरचे इतर सहकारीही वापरतात. यापुढं माझ्या नावच्या नोंदींची जबाबदारी मला घेता यावी म्हणून स्वतंत्र लॉगिन मिळावं. सहकाऱ्यांची नावं घालू नका, ते तुमच्यासारखेच अडकलेले आहेत. ई-मेलनं पाठवा, एचआरला प्रत. ज्या कंपनीला तुम्ही माल देता तिचे ऑडिटर वर्षातून एकदा तरी येत असतील. ‘या नोंदी कोण करतं’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. ‘ऑडिटला अडचण येईल’ असं तुमच्या सुपरवायझरनं मालकांच्या कानावर घातलं, तर तुमच्या दहा अर्जांपेक्षा लवकर काम होईल.

तोवर रोजच्या दोन सवयी लावून घ्या. खुर्चीवरून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं एकत्र दाबायची, स्क्रीनला कुलूप पडतं. चहाला गेलात तरी. आणि पाळी संपताना त्या दिवशीच्या तुमच्या चलनांची यादी पीडीएफ करून स्वतःच्या ऑफिसच्या मेलवर टाकायची. घरच्या मेलवर नाही, त्यातून भलताच आरोप अंगावर यायचा.

मालाच्या गाडीबरोबर लागणाऱ्या ई-वे बिलाचंही बघा. १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलला सगळ्यांना ओटीपी लागतो. तो मालकांच्या फोनवर येत असेल आणि तुम्ही गाडी गेटवर थांबवून त्यांना फोन लावत बसत असाल. पोर्टलवर सब-युजर करता येतात, प्रत्येकाचा मोबाइल नंबर वेगळा, ओटीपी ज्याचा त्याला, आणि त्या सब-युजरला काय काय करता येईल तेही ठरवता येतं. मालकांना रात्री दोनला ओटीपीसाठी उठावं लागणार नाही, एवढंच त्यांना सांगा. याला ते पटकन हो म्हणतील, आणि एकदा तिथं तिघांची तीन नावं झाली की कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन का नकोत, हे विचारणं सोपं जातं. नंबर मात्र कंपनीच्या सिमचा द्या. स्वतःचा दिलात तर नोकरी बदलल्यावरही गाड्यांचे ओटीपी तुमच्याच फोनवर येत राहतील.